राखलेला कोनाडा

कोनाडा उघडायच्या दिवशी शंख वेचणाऱ्या सगळ्या खडकवाल्या ओहोटीच्या आधीच येऊन बसल्या. एरवी यांची तऱ्हा अशी, की एकीला हाक मारावी तर दुसरी अंथरुणातून ओ देणार. पण त्या दिवशी पाणी अजून खडकांच्या गुडघ्याशी होतं, तोवर टोपल्या, आकड्या नि हाताला गुंडाळायची फडकी घेऊन बायका रांगेनं हजर. कारणही तसंच होतं. बाहेरचे खडक बोडके झाले होते. पूर्वी जिथे बसल्या जागी टोपलीभर शंख निघायचे, तिथे आता दुपारपर्यंत कंबर मोडून घेतली तरी टोपलीचा तळ झाकत नव्हता. बाजारातली माल घेणारी टोपलीत डोकावून विचारायची, "बाकीचे मागून येतायत का?" आणि स्वतःच हसायची. तिचं काय जात होतं हसायला.

कोनाडा म्हणजे बंदराच्या भिंतीमागची खडकांची खाच. तिन्ही बाजूंनी आडोसा, लाटेचा मार नाही, पाणी निवांत. ती खाच राखायची ही युक्ती वहिनीची. वहिनी म्हणजे नावा रंगवणाऱ्या रंगाऱ्याची बायको. रंगाऱ्याची विधवा बहीण माहेरी परत आलेली, खडकावर सगळ्यांची म्होरकी. ती हिला वहिनी म्हणायची म्हणून सगळा खडकच हिला वहिनी म्हणायला लागला. तिच्या आईच्या वयाच्या बायकासुद्धा. तर ही वहिनी दोन हंगामांमागे म्हणाली होती, "बाहेरच्या लाटेत पिल्लं टिकत नाहीत. अंड्यांवर आलेल्या मोठाल्या माद्या दिसतील तशा उचलू आणि कोनाड्यात नेऊन सोडू. तिथे कुणी हात लावायचा नाही. वाढू देऊ, मग सगळ्यांनी मिळून उघडू."

नणंद सहसा भावजयीला शहाणी म्हणत नाही, पण तेव्हा म्हणाली होती. पोटाला चिमटा घेऊन बायकांनी चांगल्या चांगल्या माद्या बाजाराऐवजी कोनाड्यात नेऊन सोडल्या. राखणीला तिरकीला बसवलं. तिरकी म्हातारी, एक पाय आखूड, चालताना सगळं अंग एका बाजूला झुकायचं. तिच्यानं लांबचे खडक होत नव्हते आणि तिची खोली कोनाड्याच्या अगदी तोंडाशी. तिनं नजर ठेवायची आणि प्रत्येकीनं परत जाताना आपल्या टोपलीतली एक मूठ तिच्या टोपलीत टाकायची, असं ठरलं. तोंडावर सगळ्या तिला मावशी म्हणत.

पाणी उतरलं. बायका कोनाड्यात शिरल्या. मग एकीनं खडकाखाली हात घातला, काढला, दुसरीकडे घातला. शंख होते, पण रिकामे. काही माद्या जिवंत होत्या, म्हाताऱ्या, कवचावर शेवाळ चढलेल्या. पिल्लू एक नाही. खडकाच्या पोटाला तांदळाच्या दाण्यांसारखी अंडी चिकटलेली असतात, ती नखालाही लागली नाहीत. वहिनी गुडघ्यावर बसून फटीफटीत बोटं घालत राहिली. बोटं सोलवटली तरी थांबेना.

नणंद उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "कुंपणानंच शेत खाल्लं," ती म्हणाली.

एवढंच पुरलं. सगळ्यांची तोंडं एकदम तिरकीच्या खोलीकडे वळली.

तिरकी दारातच होती. "काय निघालं?" तिनं विचारलं. नणंद तिला बाजूला सारून आत शिरली, मागून सगळ्या. खोली एवढीशी, की चौघी आत गेल्या तर बाकीच्या दारात अडकल्या. खाट उलटी केली. गोधडी झटकली. कोपऱ्यात एक मोठा शंख सापडला, तो नणंदेनं वर धरला.

"हा कुठला?"

"नवऱ्यानं आणलेला. मीठ ठेवते त्यात," तिरकी म्हणाली. "जीभ लावून बघ, खारट आहे."

"समुद्रातलं सगळंच खारट असतं. वहिनी, चुलीवरचं बघ गं."

चुलीवर झाकण घातलेलं पातेलं होतं. वहिनी पुढं झाली. म्हाताऱ्या माणसाच्या चुलीवरचं झाकण उचलायचं म्हणजे काय, हे तिला कळत नव्हतं असं नाही. तिनं उचललं. आत पाण्यात दोन बटाटे शिजत होते. तिनं झाकण परत ठेवलं तेव्हा ते नीट बसेना.

"चोर काय माल घरात ठेवतो?" दारातून कुणीतरी बोललं. झालं, निकाल लागला. मूठ बंद. आणि हंगामाच्या तोंडाशी खडकांचे वाटे पडतील तेव्हा तिरकीला वाटा नाही. कोनाड्याची राखण राहिली नाही, मग राखणदार कशाला पोसायचा?

तिरकी एवढंच म्हणाली, "मी इथे जन्म काढला." पण ते ऐकायला तिथे कोणी थांबलं नव्हतं. वहिनी थांबली होती, पण तिनंही ऐकलं नाही असं दाखवलं.

रंगाऱ्याचं काम बंदराच्या भिंतीच्या अलीकडे, नावा वर ओढायच्या उतारावर चालायचं. वहिनी दुपारी जेवण घेऊन गेली तेव्हा तो एका मोठ्या नावेच्या बुडाखाली उताणा पडून खरवडत होता. डोक्याला फडकं, तोंडाला फडकं, मधे डोळे तेवढे लाल. पातं फिरलं की जुन्या रंगाचे पोपडे त्याच्या छातीवर पडायचे, तिथून उतारावर, आणि संध्याकाळी भरती आली की समुद्र सगळा उतार झाडल्यासारखा साफ करून न्यायचा. रंगारी म्हणायचा, "एवढी इमानी झाडूवाली दुसरी नाही. पगार मागत नाही."

नावेचा मालक बाजूला उभा होता. "रंग कुठला लावणार?"

"नवा आलाय तो."

"नवा नको. नवा म्हणजे नुसतं रंगीत पाणी. हंगाम संपायच्या आत बुडाला शिंपल्यांचा गालिचा होतो, नाव पाण्यात ओढत नाही, तेल दुप्पट जळतं. जुना लाव."

"जुना बंद झालाय, मालक."

"बंद झालाय हे मलाही माहीत आहे. तुझ्याकडे आहे हेही माहीत आहे. नाहीतर मी इथे कशाला आलो असतो?"

रंगारी हसला. त्याला ते ऐकायला आवडायचं. सगळ्या किनाऱ्यावर त्याचं नाव होतं ते याच्यासाठी. तो रंगवलेल्या नावेच्या बुडाला वर्ष वर्ष काही चिकटत नसे, शिंपला नाही, शेवाळ नाही. मागच्या दारानं मिळणारे जुने डबे त्यानं घराच्या पडवीत रचून ठेवले होते. वहिनी त्यांच्यावर धुतलेली भांडी उपडी घालायची.

त्याच आठवड्यात समुद्राच्या तपासणीच्या सरकारी बाई आल्या. तरुणच होत्या, उन्हानं नाक सोललेलं, खांद्यावर पेटी. खडकवाल्यांकडे त्यांनी मोठ्या माद्या मागितल्या. बाकीच्यांनी हात आखडला, सरकारी माणसाला शंख दिला की कर बसतो असा एकीचा सिद्धांत होता. वहिनीनं मात्र कोनाड्यातल्या उरलेल्या माद्या आणून दिल्या. निदान चोर किती वेळा येऊन गेला हे तरी कळेल, असं तिच्या मनात. विज्ञान एवढंच काय ते तिच्या डोक्यात.

बाईंनी बंदराच्या ओट्यावर पेटी उघडली. शंख छोट्या पकडीत धरून फोडला, आतला जीव थाळीत काढला, चिमट्यानं पसरला आणि भिंग धरलं. बायका भोवती गोळा झाल्या.

"ही मादी," बाई म्हणाल्या. "आणि हे बघा, हे इथे आलंय ते नराचं अंग आहे."

सगळ्या थाळीवर वाकल्या. मग नणंद म्हणाली, "म्हणजे बाईला बुवाचं?"

"तसंच."

मग जो हशा उठला तो विचारू नका. एक म्हणाली, आमच्याकडे उलट झालंय, बुवालाच काही उरलं नाही. दुसरी म्हणाली, बरं झालं, आता नवरे पाळायला नकोत. नणंदेनं तर पदरानं डोळे पुसले. भरती लागली म्हणून आकड्या उचलून सगळ्या हसत हसतच गेल्या, वाटेत पुन्हा पुन्हा तेच. थाळी धुवायला वहिनी तेवढी मागे राहिली.

"बाई, असं का होतं?"

"रंगानं," बाई पेटी आवरत म्हणाल्या. "नावेच्या बुडाला एक रंग लावायचे, काही चिकटू नये म्हणून. त्यात कथिलाचं विष असतं. ते पाण्यात उतरलं की शंखाच्या मादीला असं होतं. तिच्या पोटात अंडी होतात, पण ती बाहेर यायची वाटच या अंगानं बुजते. अंडी आतच राहतात. शेवटी मादी मरते."

वहिनीच्या हातातली थाळी तशीच राहिली. "अंडी पोटात घेऊन?"

"हो."

"थोड्याशा रंगानं होतं?"

"फार थोड्यानं. आमच्या जहाजानं खोल समुद्रातले मासे काढले. इतक्या खालचे, की तिथे ऊन कधी पोचलेलं नाही. त्यांची कलेजी तपासली. तिथेही हाच रंग. खरवडलेले पोपडे गाळात बसतात, गाळातून किड्यात, किड्यातून माशात, असा तो फिरत राहतो. तिथे ते मासे त्यानं काय भोगतात, ते अजून आम्हालाही पुरतं माहीत नाही." त्यांनी पेटी बंद केली. "रंग बंद होऊन वर्षं झाली. तरी या शंखांत ताजा दिसतोय. इथे कुणी अजून लावतं का?"

"मला काय माहीत," वहिनी म्हणाली. "मी खडकावर असते."

बाई गेल्या. वहिनी उताराच्या कडेनं घरी आली. भरतीचं पाणी उतारावर चढत होतं आणि तांबडे पोपडे उचलून भिंतीच्या टोकाला वळसा घालत कोनाड्यात नेत होतं. रोज बघत होती ती हे. डोळे होते, दिसत होतं, बघितलं मात्र कधी नव्हतं.

जेवताना तिनं सांगितलं. सगळं, मधे न थांबता. रंगारी घास हातात धरून ऐकत राहिला.

"माझ्या रंगानं? एवढ्या मोठ्या समुद्रात?"

"समुद्र मोठा आहे. कोनाडा केवढा आहे?"

त्यानं आपले हात बघितले. नखांच्या कडांना तांबडं कायमचं बसलं होतं, साबणानं जात नव्हतं. बायकोनं पंधरा ठिकाणी विचारून आणलेल्या कुठल्या मलमानंही गेलं नव्हतं.

नणंदेनं ताट पुढं सरकवलं. "हे घराबाहेर जाता कामा नये."

"आणि मावशी?"

"तिचं काय?"

"वन्सं, तुम्ही तिला चोर म्हणालात. सगळ्यांनी तिची मूठ बंद केली. ती जेवते काय?"

"तेव्हा मला हे ठाऊक होतं का?"

"आता आहे ना."

"आता काय करू? थुंकलेलं गिळू? सगळ्या बायकांसमोर?" नणंदेचा आवाज चढला, मग तिनं तो स्वतःच खाली आणला. "हे बघ. दादाचं काम गेलं तर या घरात काय उरतं? बोडक्या खडकावरचे मूठभर शंख. म्हातारीचं आयुष्य झालंय. आपलं व्हायचंय."

वहिनीनं नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "ही नाव अर्धी झालीय. ती होऊ दे. मग बघू."

मग बघू म्हणजे काय, हे कुठल्या बायकोला कळत नाही.

ती गप्प बसली. गप्प बसणं सोपं असतं असं लोक म्हणतात, त्यांनी कधी बसून बघितलेलं नसतं. खडकावर जायची वाट तिरकीच्या दारावरून. तिरकी रोज दारात बसायची, पुढ्यात टोपली ठेवून. बायका बोलत बोलत यायच्या, तिच्यापाशी आल्या की बोलणं थांबायचं, पुढं गेल्या की पुन्हा सुरू. टोपली संध्याकाळपर्यंत तशीच रिकामी. ती काही मागत नव्हती, शिव्याही देत नव्हती. शिव्या दिल्या असत्या तर वहिनीला बरं वाटलं असतं.

एकदा वहिनी मुद्दाम मागे राहिली आणि दारात कुणी नाही बघून आपल्या टोपलीतले अर्धे शंख तिच्या टोपलीत ओतून पळाली. दुसऱ्या दिवशी सगळ्या ओहोटीची वाट बघत बसल्या होत्या, तोच तिरकी आली. खडकाळ वाटेनं, अंग झुकवत, प्रत्येक पावलाला थांबत. वहिनीसमोर येऊन तिनं टोपली पालथी केली. शंख खडकावर खळखळत घरंगळले.

"चोराच्या दारात माल ठेवू नये, पोरी," ती म्हणाली. "तुझ्यावर आळ येईल."

बायका हसल्या. तिरकी वळली आणि आली तशी गेली. वहिनी खाली बसून शंख गोळा करायला लागली, पण तिला ते नीट दिसेनात. शरमेनं तिचे कान तापले होते. नणंद शेजारी वाकून मदत करू लागली आणि तोंड न उघडता पुटपुटली, "गप्प राहा. दोन दिवसांनी वाटे पडले की हा विषय संपेल."

वाट्यांच्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, वारा नव्हता, सगळ्यांच्या अंगाला चिकचिक. नणंद उंच दगडावर उभी राहून एकेक खडक पुकारत होती. हा हिला, तो तिला. तिरकी लांब उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण येऊ नको असंही कुणी सांगितलं नव्हतं, तेवढ्या आधारावर ती आली होती. नणंदेची नजर तिच्यावरून पुढं सरकली.

"झाले सगळ्यांचे," नणंद म्हणाली.

"मावशीचा राहिला," वहिनी म्हणाली.

"तिला वाटा नाही. ठरलंय."

"कोनाड्यात चोरी झालेली नाही." वहिनी उभी राहिली. आवाज तिलाच नवल वाटावं इतका सरळ निघाला. "त्या दिवशी बाईंनी दाखवलं आणि आपण हसलो, ते रंगानं होतं. नावेच्या रंगानं. माद्यांच्या पोटात अंडी होत होती, बाहेर येत नव्हती. त्या तशाच मेल्या. तो रंग उतारावरून कोनाड्यात उतरतो. जुना, बंद झालेला रंग. आमच्या पडवीत त्याचे डबे आहेत."

बायकांच्या नजरा उताराकडे गेल्या.

"आणि माद्या तिथे नेऊन सोडायच्या हे मीच म्हणाले होते. बाहेरच्या खडकावर त्या जगल्या असत्या. आपण वेचून वेचून नेऊन तिथे घातल्या. मी घातल्या. आणि मावशीच्या चुलीवरचं झाकणही मीच उचललं."

"डोकं फिरलंय हिचं," नणंद म्हणाली. पण ती दगडावरून खाली उतरली होती.

एका खडकवालीनं, जी सहसा बोलत नसे, नणंदेला विचारलं, "तुला माहीत होतं?"

नणंद पदराचं टोक पिळत राहिली. तेच उत्तर झालं.

मग आरडाओरडा झाला नाही. झाला असता तर निवळलाही असता. बायका चारचौघींच्या घोळक्यांत कुजबुजल्या आणि वाटे पुन्हा पाडले. या वेळी दगडावर कुणी चढलं नाही. तिरकीला वाटा मिळाला. माफी मागायची कुणाला जमेना, म्हणून लांबचा, सगळ्यात भरलेला खडक तिला दिला. रंगाऱ्याच्या घरातल्या दोघींना काही दिलं नाही. नणंद घरी आली, आतलं दार लावून घेतलं आणि भावजयीशी बोलणं सोडलं.

नावेचा मालक बातमी ऐकून आला. रंगारी म्हणाला, "नवा लावून देतो." मालकानं अर्धी खरवडलेली नाव पाण्यात ढकलून नेली. टेकाडापलीकडे दुसरा उतार आहे, तिथला रंगारी प्रश्न विचारत नाही. इथल्या उतारावर मग कुणी आलं नाही. पडवीतले डबे तसेच राहिले. ते समुद्रात टाकता येईनात, जमिनीत पुरावे तर जवळच विहीर. रंगारी सकाळी उठून त्यांच्यासमोर बसायचा.

"रागावलात?" वहिनीनं विचारलं.

"कुणावर रागावू?" तो म्हणाला. "मला एकच काम येत होतं. चांगलं येत होतं." तो उठून बाहेर गेला. तिला त्याचा राग येत नव्हता, कीवही येत नव्हती. तिला फक्त त्याच्याजवळ बसावंसं वाटत होतं आणि बसायचं धाडस होत नव्हतं.

ओहोटीची वेळ अंगात मुरलेली असते. वाटा नसताना ती त्या वेळेला जागी व्हायची, पदर खोचायची, मग आठवायचं. अशीच एका सकाळी ती पदर खोचून उभी होती, तर दारात तिरकी. एवढी चढण चढून आली होती, धाप लागलेली, भिंतीला टेकून उभी.

"टोपली उचल," ती म्हणाली.

"कुणाची?"

"माझी. त्या खडकावर माझा पाय चढत नाही. वाटा देणाऱ्यांना काय, दिला की मोकळ्या."

"मावशी, मी त्या दिवशी तुमच्या..."

"बोलू नकोस. मी बोलायला आलेले नाही. माझ्या मनातून ते गेलेलं नाही, इतक्यात जाणारही नाही. मला दोन हात हवेत. येतेस की दुसरी बघू?"

वहिनीनं टोपली उचलली. दोघी उतरणीला लागल्या, म्हातारी पुढं आणि ही मागं, म्हातारीच्याच चालीनं. लांबच्या खडकाशी पोचल्यावर तिरकी खालच्या दगडावर पाय पसरून बसली आणि आकडी वहिनीच्या हातात दिली. "त्या कपारीत. डावीकडे. मोठ्याला हात लावू नकोस, बाजूचे काढ."

वहिनी निसरड्या खडकावर ओणवी होऊन काढत राहिली. शेजारच्या वाट्यांवरच्या बायका काम थांबवून बघायला लागल्या. एक जवळ आली, वर बघितलं, मग तिरकीकडे वळून म्हणाली, "हिला आणलंस? हिला वाटा नाही, ठरलंय ना आपलं?"

"तुमचं ठरलंय," तिरकी म्हणाली. "हा खडक माझा आहे. माझ्या वाट्यावर कुणाला आणायचं ते मी ठरवणार."

ती बाई आपल्या खडकावर निघून गेली. वहिनीनं मागे वळून बघितलं नाही. तिचे डोळे भरून वाहत होते, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"डावीकडे सांगितलं ना," खालून म्हातारी ओरडली.